कानांवाचून शुभवर्तमान

भक्तीचे नऊ प्रकार मोजताना पहिला मान श्रवणाला मिळतो, वेदांना श्रुती हे नाव मिळते, आणि या परंपरेशी उगमाने काहीच नाते नसलेल्या ख्रिस्ती धर्मातही संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वास ऐकण्यातून उपजतो असे प्रतिपादन केलेले आहे. पौलाच्या काळात ते स्वाभाविक होते, कारण पहिल्या शतकात लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी होती, हस्तलिखिते महाग होती आणि प्रेषितांची पत्रेदेखील मंडळी जमल्यावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत याच हेतूने लिहिली जात. पुढे छापखाने आले, साक्षरता वाढली, तरी उपासनेचा सारा डोलारा कानांवरच उभा राहिला. शास्त्रपाठ वाचला जातो, प्रवचन दिले जाते, गीते गायिली जातात आणि प्रार्थनेच्या शेवटी मंडळी एकमुखाने आमेन म्हणते. ज्याला ऐकू येत नाही, किंवा पूर्वी येत असे आणि आता येत नाही, त्या माणसाचे या व्यवस्थेत स्थान कोणते, हा प्रश्न जगभरच्या चर्चने फार उशिरा विचारला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मात्र त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच नोंदले गेले आहे, आणि ते बायबलच्या एका भाषांतराच्या रूपात आहे.

या प्रश्नाचा विचार करायला नाशिक सोयीचे गाव आहे, कारण गोदाकाठची कीर्तन-प्रवचने आणि चर्चमधली उपासना या दोन्ही ऐकण्याच्या परंपरा येथे पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८३२मध्ये येथे काम सुरू केले आणि १८५४मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही वसाहत उभारली, जिचे नाव आता शहराच्या एका गजबजलेल्या रस्त्याला उरले आहे. तेथील अनाथाश्रमात आणि उद्योगशाळेत मराठी मुलांबरोबर गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलेही शिकली. आफ्रिकेतील मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव १८७४मध्ये लंडनपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट हा याच शरणपूरचा विद्यार्थी. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि धर्मग्रंथ तिसरीतच, अशी त्या मुलांची अवस्था असणार, आणि ही बाब पुढे जन्मतः बहिऱ्या मुलांचा विचार करताना पुन्हा उपयोगी पडणार आहे. आज नाशिकला उत्तर भारतीय चर्च, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून १९७०मध्ये बनलेले चर्च, आणि १९८७मध्ये स्थापन झालेला कॅथलिक धर्मप्रांत अशा दोन्हींची केंद्रे आहेत, आणि नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत दूरदूरहून भाविक येतात.

मराठी ख्रिस्ती उपासनेचे कानाशी असलेले नाते इतरांपेक्षा काकणभर अधिकच घट्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६मध्ये छापले गेले ते ओवीबद्ध होते, आणि गोव्यातील साष्टीच्या चर्चमधून ते मोठ्याने म्हटले जाई. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंगाचा साचा घेऊन अशी गीते रचली की ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची त्यांच्यावाचून कल्पनाच करता येत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तीही बोलण्याच्या मराठीत, कारण त्यांची सारी भाषा कानांनी कमावलेली होती. हे सारे वैभव खरेच, परंतु ज्याचा कान गेला त्याच्यापर्यंत त्यातला फार थोडा भाग पोचतो, हेही तितकेच खरे आहे.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, जिच्याकडे चरित्रकारांनी ओझरतेच पाहिले आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे विद्वान. आईने मुलीला संस्कृत शिकवले ते पुस्तक हातात देऊन नव्हे, तर तोंडी पाठ देऊन, आणि भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते असे सांगितले जाते. ऐकावे, पाठ करावे आणि श्रोत्यांपुढे म्हणावे, हेच या कुटुंबाचे शिक्षण आणि हेच उपजीविकेचे साधन होते. आई-वडील दुष्काळात गेले, भाऊही पुढे गेला. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली तीही त्यांचे तोंडी विवेचन ऐकूनच. म्हणजे ज्या स्त्रीची विद्या सर्वस्वी श्रवणाची आणि वाणीची होती, त्याच स्त्रीला तारुण्यातच बहिरेपणाने गाठले.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचा हेतू वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा होता, कारण आदल्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली होती. पण वाढत चाललेल्या बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद झाली. स्टेथॉस्कोप कानाला लावल्यावाचून ज्या विद्येत पाऊल पुढे पडत नाही, ती विद्या बहिऱ्या विद्यार्थिनीला त्या काळी कोण देणार? त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवता शिकवता स्वतःचे शिक्षण चालू ठेवले. या काळातील त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि त्यात धर्मगुरूंच्या व मठातील ज्येष्ठ भगिनींच्या अधिकाराविषयीचा वाद पानोपानी दिसतो. चर्च जे शिकवते ते मुकाट्याने स्वीकारावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्याचे कारण नाही, आणि बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच त्या मानतील.

या स्वतंत्र बाण्याचे सारे श्रेय बहिरेपणाला देणे हास्यास्पद ठरेल, कारण तो बाणा अनंतशास्त्र्यांच्या घरातच तयार झालेला होता. तरीही ऐकणे ज्याला कष्टाचे झाले आहे त्या माणसाचा कल व्यासपीठावरून सांगितलेल्या अर्थापेक्षा डोळ्यांसमोरच्या पानाकडे झुकतो, हे श्रवणदोष असलेल्या कोणाही वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. प्रवचनातले अर्धे शब्द निसटतात. पान मात्र पूर्ण असते, आणि त्यावर पुन्हा पुन्हा येता येते.

रमाबाईंनी मायदेशी परतून मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन पुण्याला गेले, १८९६-९७च्या दुष्काळानंतर पुण्याजवळच्या केडगावला त्यांचा मुक्ती मिशन हा आश्रम वाढला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. तेव्हा त्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि या दोन्ही भाषा त्यांना नव्याने शिकायच्या होत्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इंग्रजी किंवा फ्रेंच शिकायची तर बोलणारा माणूस समोर लागतो आणि त्याचे उच्चार ऐकू यावे लागतात. पण प्राचीन हिब्रू आणि नव्या कराराची ग्रीक या भाषा सर्वांनाच व्याकरण, शब्दकोश आणि पाठ यांच्या आधारे डोळ्यांनीच शिकाव्या लागतात. त्या अभ्यासिकेत कानाने धडधाकट असलेल्या पंडिताला बहिऱ्या पंडितेपेक्षा कवडीचेही अधिक भांडवल नसते. बहिरेपणाने वैद्यकीचे क्षेत्र हिरावून घेतले, तर हे एक क्षेत्र असे होते की तेथे बहिरेपण आड येत नव्हते.

रमाबाईंच्या आधी मराठी बायबलची शंभर वर्षे झाली होती. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८११मध्ये मोडी लिपीत नवा करार प्रसिद्ध केला, मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६मध्ये आपला नवा करार काढला, आणि पुढच्या दुरुस्त्यांत बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांचा हात लागला. ही भाषांतरे पंडितांच्या मदतीने झाली असल्याने त्यांची भाषा संस्कृतप्रचुर होती, आणि रमाबाईंचा आक्षेप नेमका तेथेच होता. त्यांच्यापुढे वाचक होत्या त्या दुष्काळातून आलेल्या, खेड्यापाड्यांतल्या, अनेकदा निरक्षर बायका. त्यांना संस्कृत शब्दांचे ओझे पेलणारे नव्हते. शिवाय संस्कृत शब्द आपल्याबरोबर आपले तत्त्वज्ञान घेऊन येतो. येशूच्या देहधारणेला अवतार म्हटले की ती अनेकांतली एक ठरते, आणि पापक्षमेला प्रायश्चित्त म्हटले की गोमूत्र-पंचगव्य डोळ्यांपुढे उभे राहते. स्वतः संस्कृताच्या पंडिता असलेल्या बाईंनीच हा धोका सर्वांत स्पष्ट ओळखावा यात नवल नाही. त्यांनी साध्या बोलीचा मार्ग धरला, केडगावच्या छापखान्यात आश्रमातल्याच बायकांना खिळे जुळवायला शिकवले, आणि १९२१मध्ये कन्या मनोरमा गेल्यावरही काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ला त्यांचे निधन झाले, आणि संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

भाषांतराच्या शास्त्रात दोन टोके मानली जातात. एक शब्दनिष्ठ, ज्यात मूळ ग्रंथाच्या शब्दांशी आणि रचनेशी शक्य तितके इमान राखले जाते. दुसरे अर्थनिष्ठ, ज्यात वाचकाच्या भाषेत तो विचार स्वाभाविकपणे कसा मांडला जाईल ते पाहिले जाते. रमाबाईंचे भाषांतर एकाच वेळी मुळाला चिकटून राहू पाहते आणि खेड्यातल्या बाईच्या तोंडी बसू पाहते, आणि या दोन ओढींत त्याची मराठी जागोजागी अवघडून जाते. चर्चनी ते सार्वत्रिक स्वीकारले नाही, आणि उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली. म्हणून ते फसले असे मात्र म्हणता येत नाही. सोप्या मराठीतले बायबल ही गरज खरी होती याचा पुरावा असा की फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१०मध्ये आले तेव्हा ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांनीही ते उचलून धरले, आणि २०१३मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ज्या बाईला ऐकू येत नव्हते तिने, वाचता न येणाऱ्या आणि म्हणून ऐकणे हाच एक मार्ग असलेल्या बायकांसाठी हे भाषांतर केले, ही या प्रकरणातली सर्वांत विलक्षण बाब होय.

बायबलमध्ये बहिऱ्यांचा उल्लेख येतो तेथे भाषांतरकाराची कसोटी लागते, आणि ती केवळ शब्दाची नसते. नव्या करारात यासाठी आलेला ग्रीक शब्द कोफोस हा मुळात ‘बोथट’ या अर्थाचा आहे, आणि तो कधी बहिऱ्याला, कधी मुक्याला, तर कधी दोन्ही असलेल्याला लावला जातो. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या याजकाची वाचा जाते तेव्हा हाच शब्द वापरला आहे. भाषांतरात तो नुसता मुका झाला असे लिहिले, तर पुढे मुलाचे नाव काय ठेवायचे हे नातेवाईक त्याला खुणा करून का विचारतात, हे कोडे राहते, कारण नुसत्या मुक्या माणसाला खुणांनी विचारण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक ठिकाणी मुका-बहिरा अशी जोडी घातली तर बहिरा माणूस मुकाच असतो हा जुना गैरसमज धर्मग्रंथाच्या शिक्क्यानिशी पक्का होतो. बहुतेक बहिऱ्यांचा कंठ आणि जीभ शाबूत असतात. भाषा कानावर न पडल्यामुळे बोलणे घडत नाही, एवढेच. महाराष्ट्रात मूकबधिर हा शब्द मागे पडून कर्णबधिर हा शब्द रुळला, त्यामागचे कारण हेच आहे.

मार्कच्या सातव्या अध्यायातला प्रसंग बहिऱ्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. दकापलीस, म्हणजे दहा नगरांच्या प्रदेशात, लोक एका बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो आणि मगच ‘मोकळा हो’ अशा अर्थाचा एक अरामी शब्द उच्चारतो, जो मार्कने जसाच्या तसा जपून ठेवला आहे. ऐकू येणाऱ्या वाचकाचे लक्ष त्या शेवटच्या शब्दाकडे आणि चमत्काराकडे जाते. बहिऱ्या वाचकाला दिसते ते असे की शब्दाच्या आधीच्या सगळ्या क्रिया डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. काय होणार आहे ते त्या माणसाला आधी हावभावांनी सांगितले जाते, आणि तेही गोंगाटापासून दूर नेऊन. यातील अडखळत बोलणारा या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त येथेच आलेला आहे, आणि यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तोच शब्द आहे. मार्कला त्या भविष्यवाणीची आठवण करून द्यायची होती असे अभ्यासक त्यावरून मानतात. त्याहून जुना, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील नियम बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये असे सांगतो. ज्याला ऐकूच येत नाही त्याला शाप दिला तर तो प्रतिवाद करू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने देवच ऐकतो, असा त्या नियमाचा आशय आहे, आणि प्राचीन कायद्यात इतकी बारीक जाणीव असणे लक्षणीय होय.

चर्चचा पुढचा इतिहास या जाणिवेला नेहमी शोभला नाही. पौलाच्या त्या वचनाचा आधार घेऊन जन्मतः बहिरेपणा विश्वासाच्या आड येतो असे एक विधान संत ऑगस्टीन यांनी केले, आणि ते शतकानुशतके बहिऱ्यांच्या विरुद्ध वापरले गेले. त्यांनीच दुसऱ्या ग्रंथात बहिरी माणसे हावभावांनी उत्तम संवाद साधतात असे लिहून ठेवले आहे, ते मात्र कोणी फारसे उद्धृत केले नाही. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे या धर्मगुरूने खुणांच्या भाषेतून शिकवणारी शाळा काढली, आणि त्यामागची प्रेरणा बहिऱ्या मुलांना धर्मशिक्षण मिळावे हीच होती. बहिऱ्यांच्या शिक्षणाविषयीच्या १८८०च्या मिलान परिषदेने मात्र शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून ओठ वाचणे व बोलणे शिकवावे असा ठराव केला, आणि त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१०ची व्हॅंकूवरची परिषद उजाडली. भारतातील पहिली बहिऱ्यांची शाळा मुंबईत कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५च्या सुमारास, मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांनी, सुरू झाली.

आज श्रवणदोषाचा विचार करताना दोन अगदी वेगळे समूह ध्यानात घ्यावे लागतात. पहिला उतारवयात ऐकू येईनासे झालेल्यांचा, आणि कोणत्याही चर्चमध्ये हाच संख्येने मोठा. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असल्याने ऐकू येत राहतात, पण स, श, फ यांसारखी हलकी व्यंजने पुसली जातात. म्हणून असा माणूस ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार करतो, आणि समोरच्याने ओरडून बोलल्याने ती दूर होत नाही. त्यात जुन्या दगडी चर्चची उंच छते आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात, त्यामुळे एका अक्षराचे शेपूट पुढच्या अक्षरावर येऊन पडते. श्रवणयंत्र जवळचा आवाज मोठा करते तसाच पंख्याचा, खोकल्याचा आणि बाकांच्या कुरकुरीचाही करते. यावर लूप नावाचा उपाय आहे: सभागृहाभोवती तारेचे वेटोळे बसवून ध्वनिक्षेपकातला आवाज चुंबकीय लहरींच्या रूपात सोडला जातो, आणि ज्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी असते ते यंत्र मधला गोंगाट टाळून तो आवाज थेट पकडते.

यंत्र अपुरे पडले की माणूस नकळत ओठ वाचू लागतो, आणि मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ओठ वाचणाऱ्याची एक चमत्कारिक पंचाईत होते. प, ब आणि म ही तिन्ही व्यंजने दोन्ही ओठ मिटून उच्चारली जातात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात; त्यामुळे ‘बाप’ आणि ‘पाप’ हे शब्द ओठांवर एकच असतात. ज्या प्रार्थनेत देवाला बाप म्हणायचे आणि लगेच पापांची क्षमा मागायची, तिथे यातले कोणते आले हे केवळ संदर्भावरून ओळखावे लागते. क, ग, ह हे तर घशाशी तयार होतात, म्हणून दिसतच नाहीत. संदर्भ ओळखीचा आणि वाक्य साधे असेल तर हरवलेली अक्षरे मन भरून काढते. अनोळखी, लांबलचक सामासिक शब्द आला की धागा तुटतो. निरक्षर बायकांसाठी रमाबाईंनी धरलेला सोपेपणाचा आग्रह कानाने अधू असलेल्यांनाही उपकारक का ठरतो, याचे कारण यात आहे.

दुसरा समूह जन्मतः किंवा भाषा येण्यापूर्वी बहिरे झालेल्यांचा. त्यांची स्वाभाविक भाषा मराठी नसून भारतीय सांकेतिक भाषा असते, जिला स्वतःचे व्याकरण आहे आणि जी हातांनी केलेली मराठी नव्हे. अशा मुलाला मराठी बायबल वाचायला दिले की शरणपूरच्या आफ्रिकन मुलांसारखीच त्याची स्थिती होते. ग्रंथ हातात असतो, पण परक्या भाषेत. म्हणून गेल्या काही दशकांत बायबलचे सांकेतिक भाषांत, अर्थात चित्रफितींच्या रूपात, भाषांतर होऊ लागले, आणि २०२०मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेतील संपूर्ण बायबल तयार झाले. भारतातही असे काम भागाभागाने चालले आहे. या भाषांतरात लेखी भाषेने झाकून ठेवलेल्या गोष्टी उघड कराव्या लागतात. मराठीत ‘त्याने त्याला स्पर्श केला’ असे लिहून भागते. सांकेतिक भाषेत कोण कुठे उभा, कोणत्या हाताने, कुठे स्पर्श केला, हे दाखवल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. अनेक देशांतील सांकेतिक भाषांत येशूची खूण म्हणजे एका हाताच्या मधल्या बोटाने दुसऱ्या तळव्याला आळीपाळीने केलेला स्पर्श, अर्थात खिळ्यांच्या जखमा. म्हणजे त्याचे नाव घेतले की क्रूस आलाच, जन्माची कथा सांगतानासुद्धा. हे गुण मानायचे की दोष, यावर भाषांतरकारांत मतभेद होऊ शकतात, पण कोणत्याही लेखी भाषांतराला न जमणारी ही गोष्ट आहे एवढे निश्चित.

शासकीय पातळीवर २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक दोष असलेल्यास बहिरा, तर ६० ते ७० डेसिबल दोष असलेल्यास कमी ऐकू येणारा अशी व्याख्या केली. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे पन्नास लाख लोकांचा श्रवणदोष नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात उपचार किंवा साहाय्य लागेल एवढा श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ४३ कोटी आहे. साठ डेसिबलच्या आत राहिलेले, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत न बसणारे पण प्रवचन अर्धेच ऐकू येणारे आजी-आजोबा, कायद्याच्या हिशेबात कोठेच येत नाहीत, आणि चर्चच्या बाकांवर मात्र तेच अधिक असतात.

नाशिकच्या आणि एकूणच मराठी मंडळ्यांनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. उपासनेचे पाठ पंचांगाप्रमाणे आधीच ठरलेले असतात, तेव्हा पुढच्या रविवारचे अध्याय आणि वचने आदल्या आठवड्यात फलकावर लावावीत, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो घरी सुबोध मराठीत ते वाचून येईल. पाठ वाचणाऱ्याने पान उलटून होईपर्यंत थांबावे, पुस्तकात तोंड खुपसून वाचू नये, आणि ध्वनिक्षेपक ओठांआड धरू नये. प्रवचनकाराच्या पाठीमागची खिडकी बंद करून उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडेल असे पाहावे, आणि प्रवचनाचे टिपण चार-पाच प्रतींत काढून पुढच्या बाकावर ठेवावे. यांपैकी कशालाही मंडळीच्या कार्यकारिणीची मंजुरी लागत नाही.